जांभळ्या रेषेवरचा घाट

प्रवासाहून आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी काही विचारू नये. ती सांगत नाहीत. शेजारच्या काकू, दूध घालणारे मामा, दुकानातली माणसं, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, “काय काय पाहिलं रे?” मुलगा आईकडे बघतो, आई ठिकाणांची नावं घेते, मुलगा प्रत्येक नावाला मान हलवतो आणि खेळायला पळतो. खरं सांगणं पुढे कधीतरी सुरू होतं, कुणी न विचारता. जेवताना घास हातात थांबतो. न्हाणीतून हाक येते. रात्री गच्चीवर अंथरुणं पडली की अंधारात एखादं वाक्य येतं आणि त्याला काही आगापिछा नसतो. महिना-दीड महिना हे चालू राहतं. घरात म्हातारं माणूस असलं तर ती वाक्यं त्याच्याच वाट्याला येतात, कारण बाकीच्यांना कामं असतात.

माझी नातवंडं मे महिन्यात आईबापाबरोबर सिंगापूरला जाऊन आली. थोरला तेव्हा सहावीत जाणार होता, धाकटी दुसरीत. माझा मुलगा कन्नडच्या बाजारपेठेत कृषी सेवा केंद्र चालवतो, सून शिक्षिका आहे. अद्रकीला चांगला भाव लागला, शेतकऱ्यांकडची बियाण्या-खतांची उधारी वसूल झाली आणि घरात परदेशाची भाषा सुरू झाली. आमच्या लहानपणी कन्नडहून औरंगाबादला जायचं म्हटलं तरी आदल्या रात्री झोप लागत नसे. आता मराठी माणसांना घेऊन जगभर फिरणाऱ्या सहल कंपन्या आहेत, पंधरा देश बघून आलेली जोडपी आमच्याच गल्लीत आहेत. मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांचेच निघतात, हे कळल्यावर धाकटीनं विचारलं होतं, “मग पाच वर्षांनी मी मीच राहते ना?” तेव्हाच मला वाटलं, ह्या पोरीच्या प्रवासाला आतापासूनच सुरुवात झाली.

परत आल्यावर तिचं पहिलं सांगणं बोलून झालंच नाही. चपला काढल्या आणि ती सरळ मोरीतल्या नळाकडे गेली, ओंजळ धरली. सुनेनं धावत जाऊन हात ओढला. “तिथं तर पीत होतो की आपण,” ती म्हणाली. तिथे हॉटेलात, रस्त्यावर, बागेत, कुठल्याही नळाचं पाणी लोक थेट पितात, हे तिनं चार दिवसांत मनावर घेतलं होतं. तिच्या ह्या घरात पाण्याचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी पिंप, हंडे, बादल्या, टाकी सगळं भरून घ्यायचं, पिण्याचं पाणी निराळं ठेवायचं. उन्हाळ्यात शिवना नदीचं पात्र कोरडं पडतं आणि त्यात पोरं क्रिकेट खेळतात. अशा गावातल्या सात वर्षांच्या मुलीला परदेश म्हणजे काय, तर कधीही तोंड लावावा असा नळ.

मग मी तिला त्या नळामागची गोष्ट सांगितली. सिंगापूरला मोठी नदी नाही. देश एवढा लहान की ७३५ चौरस किलोमीटरच्या आसपास. आपल्या एका जिल्ह्यात तसे तेरा बसतील. तिथे पडणारा पाऊस गटारात वाहून जाऊ देत नाहीत, देशाच्या दोन तृतीयांश जमिनीवरचं पाणी कालव्यांतून तलावांत नेतात. शेजारच्या मलेशियातून पाइपातून पाणी येतं, त्याचा करार १९६२ साली झाला आणि तो २०६१ पर्यंतचा आहे. वापरलेलं पाणीसुद्धा शुद्ध करून पुन्हा वापरात आणण्याचं काम २००३ पासून चालू आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे त्यांना पण पाणी पुरत नाही?” नाही पुरत. “मग ते आपल्यासारखेच आहेत,” असं म्हणून ती अंगणात गेली. श्रीमंत देश आणि गरीब तालुका असा भेद तिच्या मनात नव्हताच. पाणी पुरणारे आणि न पुरणारे, एवढाच भेद तिला ठाऊक होता.

त्याच पोरीचं दुसरं वाक्य मी विसरणार नाही. सिंगापूरच्या विमानतळाला लागून २०१९ साली एक काचेची प्रचंड इमारत उघडली. तिच्या छतातल्या गोल झरोक्यातून ४० मीटर उंचीचा धबधबा खाली पडतो, भोवती झाडांचे मजले आहेत. छताखालचा एवढा उंच धबधबा जगात दुसरा नाही. लोक तिथे तोंड वर करून उभे राहतात. आमच्या धाकटीची धबधब्याची ओळख पितळखोऱ्याची. पावसाळ्यात लेण्यांकडे उतरताना कड्यावरून पाणी कोसळतं, त्याचे तुषार अंगावर येतात, आणि दिवाळीनंतर तो धबधबा हळूहळू बारीक होत संपतो. मे महिन्यात तिथे फक्त काळा दगड असतो. म्हणून ती सिंगापुरात बापाला म्हणाली, “बाबा, हे लोक मोटार बंद करायला विसरले.” मुलगा हे सांगताना हसत होता. मला हसू आलं नाही. शेतावरच्या विहिरीची मोटार चालू राहिली तर विहीर उपसते, ही काळजी आमच्या घरातली प्रत्येक व्यक्ती वाहते. एवढ्या झगमगाटात तिला त्या अनोळखी माणसांच्या विहिरीची काळजी वाटली.

वाटेचं तिला फारसं आठवत नाही. चाळीसगावला रेल्वे पकडायची म्हणून घाट उतरले, तेवढ्या वळणांत तिला ओकारी झाली. विमानात मात्र काही झालं नाही. तेव्हापासून कुणी विमानाचं विचारलं की ती सांगते, “विमान लागत नाही, आपला घाटच लागतो.”

फोटोंचं सांगते. सिंगापूरला जाणारा प्रत्येक जण पाण्याकाठच्या त्या पांढऱ्या पुतळ्यापुढे उभा राहतो. सिंहाचं तोंड, माशाचं अंग, उंची ८.६ मीटर आणि तोंडातून पाण्याची धार. माणसं हात पुढे करून ती धार आपल्या ओंजळीत पडतेय असा फोटो काढतात. आमच्या कुटुंबाचे तिथले फोटो बरेच आहेत आणि एकातही मुलं समोर बघत नाहीत. दोघांच्या माना डावीकडे वळलेल्या. मुलगा वैतागून म्हणाला, “इतका खर्च करून नेलं, एक फोटो धड काढू दिला नाही.” डावीकडे काय होतं ते धाकटीनं पंधरा दिवसांनी सांगितलं. पायऱ्यांपाशी पाण्यात पाणमांजरांचं कुटुंब होतं. मोठं जनावर मासा धरून आणत होतं आणि पिल्लं त्याच्या अंगावर चढून भांडत होती. सगळ्यात लहान पिल्लाला काही मिळालं नाही, आणि मग शेवटी मिळालं. ती शेवटपर्यंत थांबली म्हणून तिला ते कळलं.

ही पाणमांजरं त्या शहराची खरी कमाई आहे, असं माझं मत झालं आहे. सत्तरच्या दशकात तिथली नदी इतकी घाण झाली होती की ही जनावरं दिसेनाशी झाली. १९७७ पासून दहा वर्षं खपून त्यांनी नदी साफ केली, आणि पुढे ती जनावरं आपण होऊन परत आली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पुतळा बांधता येतो, पाणमांजर यावं लागतं. सहलीच्या कार्यक्रमात पुतळ्याला अर्धा तास होता आणि पाणमांजरांना वेळ ठेवलेला नव्हता. मुलांनी तो पुतळ्याच्या अर्ध्या तासातून काढून घेतला.

थोरल्याचं सगळंच निराळं. तो अबोल आहे. त्याच्या वाक्यांची वाट बघावी लागते. आषाढात एका संध्याकाळी वीज गेली होती, मी ओसरीत बसले होते. तो येऊन शेजारी बसला आणि म्हणाला, “आजी, आपला घाट तिथं पण आहे.” मी म्हटलं, कुठला घाट? तर म्हणाला, “औट्रम घाट. मेट्रोत.”

त्यानं बॅगेतून घड्या पडलेला मेट्रोचा नकाशा काढून बॅटरीच्या उजेडात पसरला. तिथल्या प्रत्येक मार्गाला रंग आहे. हिंदुस्थानी लोकांच्या वस्तीपासून समुद्रकिनाऱ्याकडे जाणारा मार्ग जांभळा. त्या गाडीला ड्रायव्हर नसतो, म्हणून हा पठ्ठ्या पहिल्या डब्यात पुढच्या काचेला नाक लावून उभा. मोठी माणसं बाकांवर बसून दुपारच्या जेवणाचं ठरवत होती, हा दारावरची स्टेशनं मोजत होता. एक स्टेशन आलं, धोबी घाट. त्याला गंमत वाटली. मग दोन स्टेशनं सोडून आलं, औट्रम पार्क. “एका स्टेशनात घाट, एका स्टेशनात औट्रम. दोन्ही जोडलं की आपला घाट,” तो म्हणाला. बापाला दाखवायला वळला तोवर गाडी सुटली होती, पुढचं स्टेशन उतरायचं होतं, आणि ते राहूनच गेलं. दीड महिना त्यानं ते मनात ठेवलं होतं.

कन्नड आणि चाळीसगावच्या मधला सातमाळ्याचा डोंगर ज्या वाटेनं उतरतो, तिला आम्ही कन्नडचा घाट म्हणतो आणि सरकारी कागद औट्रम घाट म्हणतो. १९८६ साली जाहीर झालेल्या अभयारण्याचं नावही गौताळा औट्रमघाट असंच आहे. जेम्स औट्रम हा कंपनी सरकारचा अधिकारी. १८१८ नंतर खानदेशातले भिल्ल इंग्रजांना दाद देत नव्हते. औट्रम १८२५ साली इकडे आला, आधी त्यांच्याशी लढला, मग त्यांच्यातच जाऊन राहिला, त्यांच्याबरोबर शिकारी केल्या आणि त्यांचीच पलटण उभी केली. दहा वर्षं तो ह्या मुलखात होता. १८५७च्या उठावात लखनौच्या लढाईमुळे त्याचं नाव साऱ्या इंग्रजी अमलात गाजलं. तेव्हा सिंगापूरचा कारभार कोलकात्याहून चालायचा, म्हणून तिथल्या एका रस्त्याला त्याचं नाव मिळालं. रस्त्यावरून पेठेला, पेठेवरून १९८७ साली मेट्रो स्टेशनाला. आणि धोबी घाट? भारतातून गेलेले धोबी तिथल्या ओढ्यावर कपडे धूत असत, त्यांची ती जागा. नकाशावर बोटभर अंतरात सेनापतीचं नाव आहे आणि कपडे धुणाऱ्यांचंही आहे.

हे सगळं मी पोराला सांगितलं ते वीज येईपर्यंत. त्याला औट्रमच्या पराक्रमात रस नव्हता. त्यानं विचारलं, “घाटातली वाट त्याला कुणी दाखवली?” भिल्लांनी दाखवली असणार, मी म्हटलं. “मग त्यांचं नाव कुठल्या स्टेशनाला आहे?” मी नकाशाची घडी घालून त्याच्या हातात दिली. प्रश्न त्याचा होता, त्याच्याजवळच राहिलेला बरा.

पण नावावरून मला आमच्या पितळखोऱ्याचा यक्ष आठवला, आणि तो मी त्याला सांगितला. इसवी सनापूर्वीची ती लेणी. तिथल्या ढिगाऱ्यातून सत्तरएक वर्षांपूर्वी एक बुटका, ढेरपोट्या, तोंडभर हसणारा दगडी यक्ष निघाला. डोक्यावर त्यानं भांडं धरलं आहे. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे: कान्हदास, धंद्यानं सोनार. ज्यानं घडवलं त्याचं नाव दोन हजार वर्षं टिकलं. यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असतो. धाकटी झोपलेली आहे असं मला वाटलं होतं, पण आतून आवाज आला, “तो तिकडं सहलीला गेलाय का राहायलाच गेलाय?”

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं. सहल म्हणजे वेरूळ, कारण ते जवळ आणि एसटीनं एका दिवसात जाऊन येण्यासारखं. आमच्या मुलांसाठी वेरूळ हाच परदेश होता, कारण परदेशी माणसं तिथेच दिसत. जपानी, फ्रेंच, थायलंडचे भिक्षू. १९८३ साली वेरूळ जागतिक वारसा झालं, आणि मग ती गर्दी वाढत गेली. मी कैलास लेण्यापुढे उभी राहून ते कोरवून घेणाऱ्या कृष्णराजाचं नाव सांगायची, डोंगर वरून खाली कोरत आणला ते सांगायची. मुलं ऐकत. पण त्यांचे डोळे असायचे एखाद्या पिवळ्या केसांच्या मुलावर, जो मंदिराकडे पाठ करून पायरीवर बसलेला असे आणि माकडाच्या पिल्लाला बघत असे. त्याचे आईबाप त्याला हाताला धरून आत ओढत. तो मान वळवून बघतच राहायचा. आमच्या पोरांना तो फार जवळचा वाटे, कारण त्यांनाही तेच माकड बघायचं होतं. लिऑनमध्ये किंवा ओसाकात कुणा आजीला वेरूळ म्हणजे ते माकडाचं पिल्लू एवढंच ठाऊक असेल. तिच्या नातवानं वेरूळ पाहिलं नाही असं मी कधीही म्हणणार नाही.

आणि कैलासाचं म्हणाल, तर तिथला सगळ्यात चांगला प्रश्न मला तिसरीतल्या एका मुलानं विचारला होता. त्याचा बाप विहिरी खोदायचा. “बाई, एवढा दगड काढला तो टाकला कुठं?” दोन लाख टन दगड निघाला असावा असा अंदाज जाणकार सांगतात. विहीर खोदली की काठावर दगडांचा ढीग पडतो, हे त्याला घरचं ज्ञान होतं. इथे ढीग दिसत नाही, म्हणजे काहीतरी मोठं घडलं असणार, हे त्यानं बरोबर ओळखलं.

मला मुलांचं हेच फार आवडतं. ती नव्या गावाला आपल्या गावच्या मापानं मोजतात. मोठ्या माणसांना ते अडाणीपणाचं वाटतं. मला तो पाहण्याचा सगळ्यात प्रामाणिक मार्ग वाटतो, कारण ज्याच्या हातात स्वतःचं माप नाही त्याला कुठलाच धबधबा उंच दिसत नाही. त्याला पाटीवरचा आकडा वाचावा लागतो.

जूनमध्ये शाळा उघडली आणि थोरल्याला निबंध लिहायला मिळाला, ‘मी केलेला प्रवास’. त्याची वही मी वाचली. सिंगापूर हे स्वच्छ व सुंदर शहर आहे, तेथे उंच इमारती आहेत, आम्ही सिंहाचा पुतळा पाहिला, हा प्रवास माझ्या कायम स्मरणात राहील. अक्षर सुरेख, शुद्धलेखन बिनचूक, गुण पैकीच्या पैकी. औट्रम पार्क त्यात नव्हतं. मी कारण विचारलं तर म्हणाला, “ते निबंधात बसत नाही.” ज्या निबंधात मुलाला सापडलेली गोष्ट बसत नाही, तो निबंध बदलायला हवा. मी त्याला एक कोरी वही आणून दिली, मथळा न घालता. तिच्यात आता जांभळी रेषा आहे, पाणमांजरांचं चित्र आहे, एका पानावर नुसतं ‘तिथं पण साळुंक्या आहेत’ एवढंच लिहिलेलं आहे. साळुंकीच्या पानावर मी बराच वेळ थांबले. चार हजार किलोमीटर उडून गेल्यावर खिडकीत ओळखीचा पक्षी दिसल्याचा आनंद त्या चार शब्दांत आहे.

कोऱ्या वहीची ही कल्पना मला एका मुलीमुळे सुचली. आमच्या तालुक्यातल्या तांड्यांवरून, डोंगरकाठच्या वस्त्यांवरून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयत्याबरोबर, म्हणजे तोडणीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीबरोबर, लेकरं जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. चार-पाच महिने कोप्यांत, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांत, राहून ती परत येतात तेव्हा शाळेत त्यांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग असते, आणि त्यांना काय विचारलं जातं, तर “इतके दिवस होतीस कुठं?” माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. ती एकदा मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन म्हणाली, “बाई, तिथली नदी होळीला पण चालू असते.” ती कृष्णेचं सांगत होती. बारमाही वाहणारी नदी तिनं पहिल्यांदा पाहिली होती, आणि ती बंद कशी होत नाही याचं तिला आश्चर्य वाटत होतं. त्याच दिवशी तिनं कारखान्याच्या रात्रीच्या दिव्यांचं सांगितलं, गाडीत वाढ्यांच्या भाऱ्यावर झोपून चांदण्या बघत केलेल्या प्रवासाचं सांगितलं, वाटेत लागलेल्या एका पुलाचं सांगितलं. घंटा झाली तरी तिचं संपलं नव्हतं.

माझ्या नातीच्या प्रवासाचं सगळ्या गल्लीनं कौतुक केलं, आणि ते व्हावंच. त्या मुलीचा प्रवास तिच्या वयाच्या मानानं लांबचा होता, कष्टाचा होता, तिची त्यात निवड नव्हती, आणि तो कुणी प्रवास मानला नाही. तिनं पाहिलेली नदी आणि माझ्या नातीनं पाहिलेला धबधबा, दोन्ही आटत नाहीत म्हणून त्या दोघी सारख्याच थक्क झाल्या. त्या दोघींना एका ओसरीवर बसवून एकमेकींना सांगू द्यावं असं मला फार वाटतं. ती मुलगी आता मोठी झाली असेल; तिची मुलं कदाचित आज फडावर असतील.

टोळ्या होळी-पाडव्याच्या सुमारास परततात. तुमच्या गावात, शाळेत, शेजारच्या वस्तीवर अशी मुलं आली तर त्यांच्याजवळ बसा. त्यांना मथळा नसलेली एक वही द्या. त्यांनी काय पाहिलं ते त्यांच्या वेळेनं येऊ द्या, आणि लिहिलेलं सुधारू नका.